पोटॅशियमच्या इतक्या वाटा कशाला? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात चेतापेशीचा स्पाइक, म्हणजे क्षणभराचा विजेचा संकेत, कसा उठतो यावर लेख होता. सोडियम आत शिरतं आणि व्होल्टेज वर जातं, मग पोटॅशियम पटलातल्या चॅनेल नावाच्या नळ्यांतून बाहेर पडतं आणि व्होल्टेज खाली येतं, एवढा त्याचा गाभा. पोटॅशियमचा भाग त्या लेखात दोन परिच्छेदांत उरकला गेला होता आणि बहुतेक पत्रं नेमकी त्याच भागावर आली. त्यांतली पाच इथे घेतली आहेत.

पुस्तकात पोटॅशियम चॅनेल एकच आहे, व्होल्टेज वाढलं की उघडणारं. शोधायला गेलं तर नावांचा डोंगर दिसतो. सगळ्यांतून पोटॅशियम बाहेरच जाणार असेल तर एवढे प्रकार कशाला? आणि परीक्षेसाठी लक्षात कसे ठेवायचे?
(बी.एस्सी. तृतीय वर्ष, शिवाजीनगर)

पुस्तकात एकच आहे त्याला कारण आहे. हॉजकिन आणि हक्सली यांनी 1952 साली जे मोजलं ते स्क्विडच्या जाड तंतूत, आणि तिथे जवळपास एकाच प्रकारच्या पोटॅशियम प्रवाहावर काम भागतं. आपल्या मेंदूतल्या पेशीचं तसं नाही. माणसात पोटॅशियम चॅनेलची साधारण ऐंशी जनुकं आहेत, त्यांतली निम्मी व्होल्टेजवर उघडणाऱ्या चॅनेलची.

बाहेरच का जातं, हे आधी आकड्यांत बघा. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण 140 मिलिमोलर, बाहेर मेंदूच्या द्रवात 3 च्या आसपास. 37 अंशांना नर्न्स्टचं सूत्र (आत-बाहेरच्या प्रमाणावरून आयनाचं समतोलाचं व्होल्टेज सांगणारं) लावलं तर उत्तर येतं उणे 103 मिलिव्होल्ट. शांत बसलेली पेशी उणे 65 ते 70 वर असते. म्हणजे कुठलंही पोटॅशियम चॅनेल उघडलं तरी ओढ उणे 103 कडेच. खडकवासल्याचं पाणी खालीच येणार, त्यात नवल नाही. पण नुसता कालवा भरतो की मुठेला पूर येतो, हे दरवाजा कधी, किती आणि किती वेळ उघडला यावर ठरतं. म्हणून नावं पाठ करण्याऐवजी प्रत्येक चॅनेलला तीन गोष्टी विचारा: तू कशाने उघडतोस, किती वेळात, आणि पेशीच्या कुठल्या भागात बसतोस?

काही चॅनेल जवळपास सतत उघडी असतात. त्यांना के-टू-पी म्हणतात, जनुकं पंधरा, टास्क आणि ट्रेक ही त्यांतली नेहमी कानावर येणारी नावं. पेशीचं शांत व्होल्टेज राखण्यात त्यांचा मोठा वाटा. ऑपरेशनच्या वेळी देतात त्या हॅलोथेन, आयसोफ्लुरेनसारख्या वायूंनी यांतली काही आणखी उघडतात, पेशीचं व्होल्टेज खाली ओढलं जातं आणि ती गप्प बसते. बधिरता येण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक.

दुसरं घराणं केआयआर. ही चॅनेल पेशी खाली असताना चांगली वाहतात आणि पेशी वर गेली की आतलं मॅग्नेशियम आणि स्पर्मिन नावाचा रेणू त्यांच्या नळीत बूच मारतात. त्यांतलं केआयआर 3, ज्याला गर्क म्हणतात, मॉर्फिनच्या किंवा गाबा-बी रिसेप्टरच्या निरोपावर उघडतं.

व्होल्टेजवर उघडणाऱ्या केव्ही चॅनेलमध्ये खरी विविधता आहे, तेव्हा इथे थोडं थांबू. केव्ही 7, म्हणजेच एम-प्रवाह, उणे 60 च्या आसपासच उघडायला लागतो. पण सावकाश, दहांनी-शेकड्यांनी मिलिसेकंद घेत, आणि उघडल्यावर आपणहून मिटत नाही. त्यामुळे पेशीला सलग धक्के बसले की हा ब्रेक हळूहळू घट्ट होतो आणि पुढचे स्पाइक विरळ होतात. केव्ही 4, म्हणजे ए-प्रवाह, याच्या उलट स्वभावाचा: पटकन उघडतो आणि काही दहा मिलिसेकंदांत मिटतो. तो मुख्यतः डेन्ड्राइटवर, म्हणजे संकेत घेणाऱ्या फांद्यांवर, असतो. उंदरा-घुशींच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पिरॅमिडल पेशींत तर पेशीकायापासून जितकं दूर जावं तितका तो दाट होत जातो, त्यामुळे दुरून येणारे संकेत आणि उलट फिरून डेन्ड्राइटमध्ये शिरणारा स्पाइक दोन्ही मवाळ होतात. केव्ही 1 अ‍ॅक्सॉनवर, म्हणजे संकेत पुढे नेणाऱ्या तंतूवर, बसतो, कमी व्होल्टेजलाच जागा होतो आणि उगाच जादा स्पाइक उठू देत नाही. केव्ही 1.1 च्या जनुकात दोष असला तर घाबरल्यावर किंवा व्यायाम केल्यावर काही मिनिटं तोल जाण्याचे झटके येतात आणि स्नायू त्वचेखाली वळवळताना दिसतात. हे जनुक आणि हा आजार यांचा संबंध 1994 साली सापडला.

आता केव्ही 3. पोटॅशियम म्हणजे ब्रेक, एवढंच धरून बसलेल्यांची इथे फसगत होते. हे चॅनेल साधारण उणे 20 ते उणे 10 च्या वर व्होल्टेज गेल्याशिवाय उघडतच नाही, म्हणजे फक्त स्पाइकच्या माथ्यावर. उघडतं झटकन आणि मिटतंही झटकन. त्यामुळे स्पाइक अरुंद होतो, सोडियम चॅनेल लवकर ताजी होतात आणि पुढच्या स्पाइकच्या वाटेत कोणी उभं राहत नाही. सेकंदाला शंभराहून अधिक स्पाइक मारणाऱ्या इंटरन्यूरॉनना (शेजारच्या पेशींना आवरणाऱ्या पेशींना) ते जमतं ते याच चॅनेलमुळे. ते बंद केलं तर पेशी जास्त नाही, कमी फायर करते. परीक्षेत ‘पोटॅशियम चॅनेल बंद केल्यास उत्तेजनशीलता वाढते’ असं सरसकट लिहू नका, कुठलं चॅनेल ते आधी सांगा.

राहिली कॅल्शियमवर उघडणारी. बीके दणकट: एका चॅनेलची वाहकता 200 पिकोसीमेन्सच्या वर, व्होल्टेज आणि कॅल्शियम दोन्हीला दाद देतं आणि स्पाइक लवकर संपवतं. एसके जेमतेम 10 पिकोसीमेन्सचं. त्याला व्होल्टेज कळत नाही, फक्त कॅल्शियम कळतं. स्पाइकनंतरची खोलगट विश्रांती ते देतं. मधमाशीच्या विषातलं अ‍ॅपामिन नेमकं त्यालाच बंद करतं.

जाता जाता एक गोष्ट. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान, तरी या चॅनेलमधून जात नाही. पोटॅशियम पाण्याचं वेष्टन उतरवून आत शिरतो तेव्हा नळीतले ऑक्सिजनचे अणू पाण्याच्या जागी त्याला अचूक मापात धरतात. लहानग्या सोडियमला ते माप ढगळ होतं, म्हणून त्याला पाणी सोडणं परवडत नाही. मॅकिनन यांनी 1998 साली एका जिवाणूच्या चॅनेलची रचना दाखवून हे सिद्ध केलं, आणि 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

रक्तात पोटॅशियम 5.4 आलं. डॉक्टरांनी शहाळं आणि केळी बंद करायला सांगितली. याचा मेंदूच्या पेशींवर परिणाम होतो का?
(ज्येष्ठ वाचक, कोथरूड)

मेंदूची काळजी नंतर, आधी हृदयाची. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 असावं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पेशींचा घट्ट पडदा आहे, त्यामुळे मेंदूतला द्रव 3 च्या जवळ टिकून राहतो. तिथे स्पाइकमुळे सांडलेलं पोटॅशियम अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या पेशी उचलून घेतात, त्यात केआयआर 4.1 या चॅनेलचा मोठा वाटा आहे. हृदयाला आणि स्नायूंना असा पडदा नाही. बाहेरचं पोटॅशियम 4 चं 8 झालं की नर्न्स्टचा आकडा उणे 95 वरून उणे 76 वर येतो. पेशी अर्धवट वर उचललेल्या अवस्थेत राहते, सोडियम चॅनेल मिटलेल्या स्थितीत अडकतात आणि उत्तेजना वाढण्याऐवजी स्नायू दुबळे पडतात, हृदयाची लय बिघडते.

5.4 हा आकडा थोडा वर आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. शहाळ्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका शहाळ्यात 300 मिलिलिटर धरलं तरी पाऊण ग्रॅम झालं. निरोगी मूत्रपिंडांना ते काहीच नाही, थकलेल्या मूत्रपिंडांना आहे. दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक, घरात ‘कमी सोडियमचं’ मीठ वापरता का? त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं आणि रक्तदाबासाठी म्हणून तेच आणलं जातं. दुसरी, रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं. रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांच्यासारख्या गोळ्यांनी पोटॅशियम वाढतं. मनानं मात्र त्या बंद करू नका. आणि रक्त काढताना पट्टा फार वेळ आवळलेला होता, मूठ उघड-मीट करायला सांगितली होती, किंवा नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या असतील, तर आकडा खोटा वर येतो. तेव्हा तपासणी पुन्हा करून घेण्याबद्दलही विचारा.

उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या स्लाइसमध्ये ए-प्रवाह मोजते आहे. तीन अडचणी: कॅडमियम घातल्यावर द्रावण दुधासारखं होतं, 4-अमिनोपिरिडिन घातलं की पेशी मरतात, आणि ए-प्रवाह बाकीच्या प्रवाहापासून नीट सुटा होत नाही.
(एम.एस्सी. प्रकल्प, पाषाण)

दूध होणारच. तुमच्या द्रावणात 25 मिलिमोलर बायकार्बोनेट आणि 1.25 मिलिमोलर फॉस्फेट आहे, आणि कॅडमियम दोघांशीही साका धरतं. बाटली उजेडापुढे धरून हलवा. तळाशी धूर फिरल्यासारखा दिसला तर कॅडमियम तिथे गेलं, पेशीपर्यंत ते पोचलेलंच नाही. (हाच प्रकार कॅल्शियमबरोबरही होतो. म्हणून स्लाइसच्या द्रावणात 95 टक्के ऑक्सिजन आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड दहा-पंधरा मिनिटं सोडून मगच कॅल्शियम घालायचं.) मोजणीपुरतं हेपिसचं द्रावण वापरा: सोडियम क्लोराइड 140, पोटॅशियम क्लोराइड 3, कॅल्शियम क्लोराइड 2, मॅग्नेशियम क्लोराइड 1, ग्लुकोज 10, हेपिस 10 मिलिमोलर, पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने 7.4, आणि नुसता ऑक्सिजन. फॉस्फेट नको. त्यात सोडियम चॅनेल बंद करायला टेट्रोडोटॉक्सिन 1 मायक्रोमोलर आणि कॅल्शियम चॅनेल बंद करायला कॅडमियम 200 मायक्रोमोलर. कॅडमियम केव्ही 4 चं उघडणं-मिटणं थोडं वरच्या व्होल्टेजकडे सरकवतं, तेव्हा औषधाआधीच्या आणि नंतरच्या दोन्ही द्रावणांत ते सारखंच हवं.

4-अमिनोपिरिडिन, म्हणजे पोटॅशियम चॅनेल बंद करणारं तुमचं औषध, चांगलंच अल्कधर्मी आहे. एका लिटरला 5 मिलिमोलर म्हणजे 0.47 ग्रॅम. ते घातलं की पीएच 8 च्या पुढे जाऊ शकतो, आणि पेशी मरतात त्या बहुधा त्यानेच. विरघळल्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाने पुन्हा 7.4 वर आणा आणि मीटरवर बघूनच वापरा. पूड तोलताना हातमोजे हवेतच, ते जहाल विष आहे. टीईए (पोटॅशियम चॅनेल बंद करणारं दुसरं रसायन) 20 मिलिमोलर घालणार असाल तर लिटरला 3.31 ग्रॅम घाला आणि तेवढंच सोडियम क्लोराइड, म्हणजे 1.17 ग्रॅम, कमी करा. नाहीतर ऑस्मोलॅरिटी 40 ने वाढेल आणि पेशी आक्रसतील.

आता सुटं करण्याचं. पेशी उणे 70 वर धरा. पहिल्या फेरीत उणे 110 वर 400 मिलिसेकंद नेऊन मग पायऱ्या द्या, यात सगळा प्रवाह येतो. दुसऱ्या फेरीत उणे 40 वर 150 मिलिसेकंद ठेवून त्याच पायऱ्या द्या, इथे केव्ही 4 आधीच मिटलेला असतो. पहिल्यातून दुसरी वजा केली की ए-प्रवाह उरतो. सावकाश मिटणारा केव्ही 1 चा काही भाग मात्र दोन्हींत राहील. तो वेगळा हवा असेल तर अल्फा-डेन्ड्रोटॉक्सिन 100 नॅनोमोलर वापरा. अशी पेप्टाइड विषं नळीला चिकटतात, म्हणून द्रावणात 0.1 टक्के अल्ब्युमिन घाला. हे विसरल्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष फार वेळा निघतो. 4-अमिनोपिरिडिनच्या मात्रेवरही ओळख पटते: केव्ही 1 आणि केव्ही 3 मिलिमोलरच्या आतच बंद होतात, केव्ही 4 ला अनेक मिलिमोलर लागतात.

पण तुमची खरी अडचण बहुधा औषधांत नाही, क्लॅम्पमध्ये, म्हणजे व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत, आहे. अ‍ॅक्सेस रोध 12 मेगाओम आणि प्रवाह 5 नॅनोअ‍ॅम्पिअर असेल तर व्होल्टेजची चूक 60 मिलिव्होल्ट. म्हणजे तुम्ही अधिक 40 मागितलं आणि पेशीला मिळालं उणे 20. 70 टक्के भरपाई केली तरी 18 उरतात. त्यात भर म्हणजे ए-चॅनेल लांबच्या डेन्ड्राइटवर, आणि पेशीकायेवरच्या पिपेटचा ताबा तिथवर पोचत नाही. म्हणून होल-सेलचा नाद सोडून न्यूक्लिएटेड पॅच घ्या: होल-सेल झाल्यावर हलका ओढीचा दाब देऊन पिपेट सावकाश मागे घ्यायचं, केंद्रकाभोवती पटलाचा गोळा बनून बाहेर येतो. प्रवाह लहान, आकार गोल, व्होल्टेजवर पूर्ण ताबा. पिपेट 3 ते 5 मेगाओमचं. आतल्या द्रावणात पोटॅशियम ग्लुकोनेट असेल तर जंक्शन पोटेन्शियल 14 मिलिव्होल्टच्या आसपास येतं, ते दुरुस्त केलं की नाही हे प्रबंधात स्पष्ट लिहा. आणि एटीपी 4 मिलिमोलर विसरू नका. ते नसेल तर पटलातला पीआयपी-टू हा मेदरेणू घटतो आणि पुढे केव्ही 7 मोजायला घ्याल तेव्हा प्रवाह डोळ्यांदेखत ओसरत जाईल.

बाळाला तिसऱ्या दिवशी झटके आले. एका बाजूला अंग ताठ व्हायचं, श्वास अडखळायचा. तपासणीत केसीएनक्यू 2 या जनुकात बदल सापडला. सासूबाई म्हणतात, बाळाच्या वडिलांनाही जन्मल्यावर असंच झालं होतं आणि आपोआप थांबलं. मग औषध द्यायचं का?
(आई, हडपसर)

सासूबाईंची आठवण फार मोलाची आहे. ती बालमेंदूतज्ज्ञांना जशीच्या तशी सांगा, आणि जमल्यास वडिलांचीही जनुक तपासणी करून घ्या. केसीएनक्यू 2 पासून बनतं केव्ही 7.2, वर सांगितलेल्या एम-प्रवाहाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा केसीएनक्यू 3 चा. हा प्रवाह चतुर्थांशाने कमी झाला तरी नवजात मेंदूत झटके यायला तेवढं पुरतं. वडिलांकडून आलेला बदल आणि पुढे त्यांची वाढ नीट, असं असेल तर हा बहुधा घराण्यात चालणारा, आपोआप थांबणारा प्रकार. तो पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि बहुतेक मुलांत काही महिन्यांत थांबतो. थांबण्याचं कारण सहसा असं दिलं जातं: जन्मावेळी गाबा हे रसायन पेशींना पुरेसं शांत करत नाही, ते काम मोठ्या प्रमाणात एम-प्रवाहावर असतं. पुढे गाबा जबाबदारी घेतो. अशा काही मुलांना मोठेपणी क्वचित फिट येऊ शकते, म्हणून नोंद कायम जवळ ठेवा.

याच जनुकाचा दुसरा, गंभीर प्रकारही आहे. त्यात बदल बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, बाळात नव्यानेच घडलेला असतो, आणि वाढीवर परिणाम होतो. दोन्हींत फरक करायला बाळ झटक्यांच्या मधल्या वेळात कसं आहे हे बघतात: नीट पितं का, डोळे स्थिरावतात का, अंग लुळं आहे का, आणि ईईजी कसा आहे.

‘आपोआप थांबतं’ म्हणून औषध टाळू नका. झटक्यात श्वास अडखळतो तेव्हा त्याच वेळी धोका असतो. दोन्ही प्रकारांत कार्बामाझेपीनसारखी सोडियम चॅनेलवरची औषधं बऱ्याचदा चांगली लागू पडतात. पोटॅशियमच्या दोषाला सोडियमचं औषध कसं, असं वाटेल. अ‍ॅक्सॉनच्या सुरुवातीच्या इवल्याशा पट्ट्यात दोन्ही चॅनेल अँकिरिन-जी या एकाच प्रथिनाला बांधलेली शेजारी शेजारी बसतात. ब्रेक कमजोर आहे तिथे अ‍ॅक्सिलरेटर हलका केला की तोल सावरतो. मात्रा आणि कालावधी तुमचे डॉक्टरच ठरवतील. पुढचा झटका आला तर मोबाइलवर चित्रण करा, घड्याळ बघा आणि कुठला हात-पाय ताठ होतो ते टिपून ठेवा.

केव्ही 7 थेट उघडणारं रेटिगाबीन नावाचं औषध 2011 साली अमेरिकेत मंजूर झालं होतं. त्वचा निळसर होणं आणि डोळ्याच्या पडद्यावर रंगद्रव्य साठणं दिसलं, आणि 2017 मध्ये ते बाजारातून गेलं. त्याच्याबद्दल जुन्या बातम्या वाचायला मिळतील, त्या आशेवर राहू नका.

वडिलांना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. चालण्यासाठी 4-अमिनोपिरिडिनची गोळी दिली आहे. हे तर विष आहे असं वाचलं.
(सिंहगड रस्ता)

विष आहे, आणि मापात औषधही आहे. पाषाणच्या विद्यार्थिनीला लागणाऱ्या 5 मिलिमोलरच्या कित्येक हजारपट पातळ मात्रा रक्तात असते. मायलिन हे आवरण झडलेल्या अ‍ॅक्सॉनवर एरवी झाकलेली केव्ही 1 चॅनेल उघडी पडतात, तिथून पोटॅशियम निसटतं आणि संकेत वाटेतच विरतो. गोळी ती गळती बुजवते. मायलिन परत येत नाही, आजार थांबत नाही. चाचण्यांत साधारण तिघांतल्या एकाचा ते पाचांतल्या दोघांचा चालण्याचा वेग सातत्याने सुधारला, तेव्हा सुरू करण्याआधी आणि दोन ते चार आठवड्यांनी 25 फूट चालायला किती सेकंद लागतात ते मोजा. फरक नसेल तर चालू ठेवण्यात अर्थ नाही, डॉक्टरांना तसं सांगा.

नेहमीची मात्रा सावकाश सुटणारी 10 मिलिग्रॅमची गोळी, 12 तासांच्या अंतराने दोनदा. ती तोडायची, कुटायची किंवा चावायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. एक गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. मात्रा वाढली की मेंदूतल्याही केव्ही 1 वर परिणाम होतो आणि फिट येते. आधी कधी फिट आली असेल किंवा क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडांच्या कामाचं माप) मिनिटाला 50 मिलिलिटर किंवा त्याहून कमी असेल तर ही गोळी देत नाहीत. वडिलांची क्रिएटिनिनची तपासणी झाली नसेल तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.